रंगनाथाची एकादशी

सुनंदाबाई घोड्यावर बसायला शिकल्या त्या वयाच्या बासष्टाव्या वर्षी, मारतहळ्ळीतल्या आपल्या घरी, देवघराशेजारच्या खोलीत, गुडघ्यांना तेल चोळून झाल्यावर. घोडा कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा होता, आणि त्याच्यावर बसलेला रंगनाथ नावाचा तरणाबांड तलवारबाजही पडद्यावरचाच. पण लगाम बाईंच्या बोटांत होता. रंगनाथानं पहिल्यांदा ओढ्यावरून घोडा उडवला तेव्हा बाईंनी डोळे गच्च मिटले, विठ्ठलाचं नाव घेतलं, आणि डोळे उघडून पाहतात तो घोडा पलीकडच्या काठावर शेपूट हलवत उभा. बाई एकट्याच खळखळून हसल्या. मालक गेल्यापासून त्या घरात इतकं मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं.

पण त्या खेळायला बसल्या होत्या त्या हसण्यासाठी नव्हे. बसल्या होत्या लेकीचा आवाज ऐकायला.

लेक पवित्रा. राहायला एचएसआर लेआउटमध्ये, नोकरीला बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत. म्हणजे एकाच शहरात. रस्ता मोकळा असेल तर अर्ध्या तासाचं अंतर, आणि रस्ता कधीच मोकळा नसतो ती गोष्ट सोडा. तीन वर्षं ती आईच्या घरी आली नव्हती. फोन उचलत नव्हती. दिवाळीला मोबाईलवर पणतीचं एक चित्र यायचं, बाई ते चार दिवस उघडून बघायच्या.

झालं होतं ते असं. पवित्राचा विराटशी घटस्फोट झाला. बाईंनी लेकीला जवळ घेतलं, तिच्याबरोबर रडल्या, तिच्या आवडीचं करून घातलं. पण देवळातल्या बायकांना सांगितलं की लेक-जावई सिंगापूरला गेलेत. निपाणीकडून येऊन बेंगळुरात मुरलेली चार मराठी घरं, त्यांच्यात नाव राखून राहायचं, म्हणून तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं की त्याला पाय फुटतात. मग सिंगापूरला जावयाला बढती मिळाली, मोठं घर झालं, खिडकीतून समुद्र दिसायला लागला. आणि एका गोकुळाष्टमीला पवित्रा न कळवता कीर्तनाला आली. कीर्तनाचं वेड तिला आईकडूनच लागलेलं. बायकांनी तिला गराडा घातला. कधी आलीस, विराट कुठाय, तिकडं कोथिंबीर मिळते का. तिनं आईकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सुट्टीवर आलीय."

आरती होईपर्यंत पवित्रा सिंगापूरची झाली. जिथं कधी पाऊल ठेवलं नाही तिथल्या बाजाराचं वर्णन केलं, एकीच्या भाच्याला व्हिसाबद्दल सल्लाही दिला. टाळ वाजवले, सुंठवडा घेतला. आणि देवळाच्या पायरीवर चपला घालताना आईला एवढंच म्हणाली, की देवासमोर दिलेलं सोंग पार पाडलं, आता मला पुन्हा कुठलं देऊ नकोस.

त्यानंतर ती आली नाही.

आता ज्यानं जन्मभर कीर्तन ऐकलंय त्याला सोंगाचं काय नवल? एक बुवा आणि एक उपरणं. डोक्यावर घेतलं की राणी, कमरेला आवळलं की राक्षस, खांद्यावर टाकून वाकलं की लेकाला निरोप देणारा थकला बाप. आणि समोरची दोनशे माणसं त्या एका माणसाच्या तिन्ही तोंडांवर विश्वास ठेवून रडतात. बाईंना वाटे, पवित्राचा तो कॉम्प्युटरवरचा खेळही याच जातीचा. घरी असताना ती खेळत बसे तेव्हा पडद्यावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा काठी आपटत रानातून हिंडायचा. जोगीबाबा त्याचं नाव. एवढी देखणी पोर तू आणि हे ध्यान कशाला घेतलंस, असं बाई विचारायच्या. पवित्रा नुसती हसायची. ते नाव आणि खेळाचं नाव तेवढं बाईंच्या लक्षात राहिलं होतं.

गणपतीच्या आधी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला गाठलं. नंदू नागपूरचा, कॉम्प्युटरमधला, जेवायला एकटा. बाईंनी त्याला पाटवड्यांची आमटी वाढली आणि विचारलं, सप्तदुर्ग नावाच्या खेळात एखाद्या माणसाला नावावरून शोधता येतं का. येतं, नंदू म्हणाला. त्यानं समजावून सांगितलं: माणसं आपापल्या घरी बसतात, पण त्या रानात एकत्र भेटतात, जो तो एक रूप घेतो, टोळी करतो, आणि टोळीनं सात किल्ले जिंकायचे; मेलं तर उठून पुन्हा पहिल्यापासून चढायचं. कानाला हेडफोन लावला की टोळीतल्यांचं बोलणं ऐकू येतं. जोगीबाबा त्याला चटकन सापडला. त्याच्या टोळीला एक तलवारवाला हवाच होता.

"काकू, रूप कुठलं देऊ तुम्हाला? पुरुष, बाई, पोरगी, सगळं मिळतं. म्हातारीपण आहे," नंदूनं विचारलं.

म्हातारी तर मी आहेच, बाई म्हणाल्या, त्यासाठी खेळ कशाला. त्यांनी तरुण गडी घेतला. पवित्राला संशय येऊ नये हे एक. पण दुसरंही होतं, जे त्यांनी नंदूला सांगितलं नाही. जन्मभर पदर सावरत, जिन्याचा कठडा धरत चाललेल्या बाईला एकदा धावून बघायचं होतं.

पहिल्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावून बाईंनी हेडफोन कानाला लावला. आधी नुसता वारा. मग इतका जवळून, की मागं वळून पाहावं:

"नवीन कोण आलंय? रंगनाथ? ये, ये. मागं राहू नकोस, इथं लांडगे आहेत."

तीन वर्षांत लेक आईशी बोललेली ती पहिली वाक्यं. बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि तिकडं रानात रंगनाथ जिथल्या तिथं खांबासारखा उभा राहिला. लांडग्यांनी त्याला फाडून काढला.

टोळीत चौघं होते. चिन्नी नावाची एक चुणचुणीत धनुर्धारी पोरगी, दोन वेण्या घातलेली. तिच्या तोंडून आवाज यायचा तो मल्लाप्पांचा, बसवर कंडक्टर म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलेल्या साठीच्या माणसाचा. मल्लाप्पा अथणीकडचे, मराठी आणि कन्नड एकाच ताटात कालवून बोलणारे. पोरगी का घेतलीत म्हणून विचारलं तर म्हणायचे, खेळातला दुकानदार पोरींना भाव कमी लावतो. एकदा मात्र सांगून गेले, की देवानं तीन पोरगेच दिले, घरात वेण्या घालायला कुणी नव्हतं. दुसरा गुंडू: डोंगराएवढा राक्षस, हातात गदा, आणि आवाज रम्याचा. रम्या दहावीतली, बेळ्ळंदूरची, अंगानं काडी असावी असा आवाज. ट्यूशनची वेळ झाली की राक्षस गदा टाकून पळत सुटायचा. तिसरा जोगीबाबा. आणि चौथा हा रंगनाथ, जो कधी बोलत नसे.

माईक बिघडलाय, असं बाईंनी टोळीला लिहून कळवलं होतं. त्या एका बोटानं अक्षर शोधून शोधून लिहायच्या. दोन शब्द उमटेपर्यंत बाकीच्यांचं निम्मं भांडण होऊन जायचं. मल्लाप्पांनी त्याचं नाव मुक्या ठेवलं.

बाई तलवारीला हळूहळू सरावल्या. खोटं कशाला सांगू, त्यांना ते सगळं आवडायलाही लागलं. नदीत सूर मारायचा, किल्ल्याच्या तटावर चढायचं, गुंडू पडला तर त्याला ओढून आणायचं. दिवसभर भाजी निवडताना त्या चढाईचा विचार करायच्या. पण एक गोष्ट त्यांना जमली नाही. त्या खेळात लढून थकलेल्या गड्याला खायला घालावं लागतं. भाजलेलं मांस दिलं की तो चटकन उभा राहतो, भाकरीनं जरा उशिरा, फळांनी निम्माच. बाईंनी रंगनाथाला मांस कधी शिवू दिलं नाही, भाकरीवर लढवला. आणि एकादशीला भाकरीसुद्धा नाही. त्या दिवशी तो केळी खाऊन लढायचा आणि मार खायचा. बाईंच्या मनात त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. घास त्या देत होत्या, हात त्यांचा होता, मग आपण उपास करायचा आणि आपल्या हातानं त्याला धान्य भरवायचं, हे कसं व्हावं?

"काय खायलास रे मुक्या?" मल्लाप्पा चिडवायचे. "लग्नात मुंडावळ्या बांधून बसल्यागत केळी सोलत बसलाय बघा. तिकडं आमचा जीव चाललाय."

सगळे हसायचे आणि विसरून जायचे.

रविवारी दुपारी मल्लाप्पा नातवंडांत असायचे, रम्याला क्लास. मग रानातल्या शेकोटीपाशी जोगीबाबा आणि रंगनाथ दोघंच उरायचे. पवित्रा तेव्हा बोलायची. रंगनाथ उत्तर द्यायला वेळ लावतो, म्हणून ती बोलतच राहायची. बाईंना आपल्या लेकीबद्दल जे तीस वर्षांत कळलं नव्हतं ते त्या शेकोटीशी कळलं. घटस्फोटानंतर घरी जाववत नव्हतं म्हणून ती ऑफिसच्या सोफ्यावर झोपली होती. विराटमध्ये वाईट काही नव्हतं, तो फक्त तिच्याकडे बघत नसे. आणि म्हातारा का घेतला, तेही एकदा तिनं सांगितलं: बाई दिसली की लोक विचारतात, लग्न झालं का, मोडलं का, दुसरं कधी; म्हाताऱ्याला कुणी काही विचारत नाही, रस्ता देतात आणि पुढं जातात.

आणि एकदा हेही, की देवळातलं गुरुवारचं कीर्तन हल्ली इंटरनेटवर दाखवतात, ते ती फोनवर लावते. गजरात आईचा आवाज ओळखू येतो का बघते. कधी येतो.

त्या गुरुवारी गजरात बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मग तो रविवार आला. शेकोटी पेटलेली, जोगीबाबा काठी आडवी टाकून बसलेला.

"रंगा, मी चाललेय," पवित्रा म्हणाली. "डब्लिनला. येत्या नाही, पुढच्या बुधवारी. परत यायचं काही ठरवलेलं नाही." आणि पुढं म्हणाली, "माझी आई आहे इथंच, मारतहळ्ळीत. सांगून जाऊ, की तिकडं पोचल्यावर कळवू? तू सांग. तुझं आणि माझं काही नातं नाही, म्हणून विचारते."

बाईंचं बोट हवेत राहिलं. जी गोष्ट त्यांनी तीन वर्षं देवाकडे मागितली ती आता त्यांच्याच बोटाशी आली होती. दोन शब्द लिहायचे होते. पवित्रा परक्याचा सल्ला मागत होती, आणि परका तिथं नव्हताच. काही लिहू नये, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग बुधवार दिसला, आणि विमान दिसलं.

'भेटून जा', त्यांनी लिहिलं. आणि थोड्या वेळानं: 'आई वाट बघत असेल.'

"तुला काय माहीत?" पवित्रा म्हणाली. पण मऊ आवाजात म्हणाली. शेकोटीत लाकूड सरकल्याचा आवाज झाला. मग तिनं सांगितलं, बरं, जाते. पुढच्या रविवारी, जेवायच्या वेळेला. तिला आधी कळवणार नाही; कळवलं तर ती गावभर सांगेल आणि मला पुन्हा काहीतरी व्हावं लागेल.

त्या आठवड्यात सुनंदाबाईंच्या पायात गुडघे नव्हतेच जणू. पवित्राची जुनी खोली झाडली, चादरी बदलल्या, बेळगावहून येणाऱ्या कुणाकडून तरी कुंदा मागवला. कुणाला काही सांगितलं नाही. हे मात्र त्यांनी पाळलं. पण झोप लागेना. लेक येणार होती खरी, पण ती कुणाच्या सांगण्यावरून? त्या रंगनाथाच्या. आणि तो समोर बसून वरणभात वाढणार.

गुरुवारी कीर्तन झाल्यावर बुक्का लावून घ्यायला बायकांची रांग होती. बाई सगळ्यांच्या मागं राहिल्या. दयानंदबुवा चिकोडीकडचे, थट्टेखोर माणूस. रांग संपली तेव्हा ते उपरण्यानं घाम पुसत होते. बाईंनी विचारलं, बुवा, तुम्ही राणी होता, राक्षस होता, त्यात पाप नाही ना?

बुवा हसले. "अक्का, उपरणं डोक्यावर घेतलं तरी माझ्या मिशा दिसतात ना तुम्हाला?"

"दिसतात."

"म्हणून ते पवित्र. मिशा झाकून मी तुमच्या स्वयंपाकघरात शिरलो तर लाटणं घेऊन माराल."

बाजूच्या दोघीतिघी हसल्या. बाईही हसल्या. बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि बराच वेळ त्यांना चपलेत पाय घालता येईना. रविवार होऊ दे, त्यांनी मनाशी ठरवलं. ती आली, जेवली, निवांत बसली, की मी सांगेन. आधी तिचं तोंड बघू दे.

शनिवारी संध्याकाळी टोळीनं सातव्या किल्ल्यावर जायचं ठरवलं होतं. पवित्रा जायच्या आधीची ती शेवटची चढाई. तिला तो एकच किल्ला घ्यायचा राहिला होता, आणि टोळीनं तिला तो जिंकून द्यायचा चंग बांधला होता. रम्यानं ट्यूशन बुडवली. मल्लाप्पांनी घरच्यांना बजावून दाराला कडी घातली.

आणि शनिवारी एकादशी होती.

पहिल्या दरवाजातच रंगनाथ जखमी झाला. आतल्या दरवाजामागं मोठा पहारा होता, तिथं तलवारवाला उभा राहिला नाही तर सगळे मरणार. जोगीबाबानं आपल्या झोळीतलं भाजलेलं मांस काढून त्याच्यापुढं टाकलं. रंगनाथानं घेतलं नाही. मग भाकरी टाकली. ती तशीच गवतात पडून राहिली. रंगनाथ केळं सोलत होता.

रम्या म्हणाली, खा ना रे, प्लीज. मल्लाप्पा म्हणाले, एऽ मुक्या, जीव गेला तरी चालेल पण भाकरी खाणार नाहीस का? बाईंनी लिहिलं: 'आज नको.'

"आज काय आहे?" मल्लाप्पांनी विचारलं. त्यांच्या मागं भिंतीवर कॅलेंडर असावं. ते उठल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते पोट धरून हसायला लागले. "एकादशी की आज! अरे, हा एकादशी पाळायलाय! मला जन्म दिला त्या अव्वेनं पण एवढी कडक पाळली नसंल. राक्षस दारात आलाय आणि ह्याचं सोवळं बघा."

रम्या हसली. एकच माणूस हसलं नाही.

पवित्रा म्हणाली, अगदी सावकाश, वाचून दाखवल्यासारखी, "मागच्या एकादशीलापण तू केळीच खाल्लीस. त्याच्या मागच्यापण." जोगीबाबा रंगनाथासमोर येऊन उभा राहिला. "मी लहान होते तेव्हा माझ्या बाहुलीला एकादशीला केळं भरवायची एक बाई. बाहुलीनं तरी भात का खावा म्हणून. दुसरी कुणी अशी असेल असं मला वाटत नाही. रंगा, तुझा माईक खरंच बिघडलाय का?"

बाईंनी लिहायला सुरुवात केली. 'कोण बा' एवढं उमटलं. एवढ्या एका ओळीनं उद्याचा रविवार वाचला असता. लिहिलं असतं की माझी आजी पाळायची, तर कदाचित ती मानलीही असती. माणसाला जे मानायचं असतं ते तो मानतो. उद्या जेवायला आली असती. समोर बसली असती. दारातून आत येताना कशी दिसते ते बाईंना बघायला मिळालं असतं. आणि बुधवारी ती गेली असती, रंगाचे आभार मानत.

बाईंनी ती अक्षरं एकेक करून पुसली. नंदूनं पहिल्याच दिवशी दाखवलेली माईकची खूण त्यांनी दाबली.

"पवी," त्या म्हणाल्या. "मी आहे."

चढाई तिथंच थांबली. आतल्या दरवाजाचे पहारेकरी येऊन चिन्नीला, गुंडूला कापत होते आणि कुणी हलत नव्हतं. मल्लाप्पांनी घसा खाकरला. "रम्या, चल पोरी, आपण स्वल्प बाजूला होऊ," ते म्हणाले, आणि दोघांचे आवाज बंद झाले.

"किती दिवस?" पवित्रानं विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून."

"सगळं ऐकलंस?"

"हो."

"म्हणजे आईला भेटून जा, हे मला तूच सांगितलंस."

"हो. मीच सांगितलं."

बाईंना अजून पुष्कळ सांगायचं होतं. तुझा आवाज ऐकायचा होता, एवढंच होतं, असं. पण जोगीबाबा काठी टेकत वळला, दोन पावलं चालला आणि दिवा मालवल्यासारखा नाहीसा झाला. मग पहारेकऱ्यांनी रंगनाथालाही मारलं. बाई ते बघत बसल्या. केळं त्याच्या हातातच होतं.

रविवारी त्यांनी स्वयंपाक केला. द्वादशीचं पारणं म्हणून करायचाच होता, असं त्या स्वतःला सांगत होत्या. पण कटाची आमटी आणि पोळ्या एकट्या बाईच्या पारण्याला कुणी करत नाही. दोन पानं मांडली. रस्त्यावर रिक्षा थांबली की त्या खिडकीशी जायच्या. ऊन ओसरीवरून उतरून फाटकापर्यंत गेलं तेव्हा त्यांनी नंदूला हाक मारून खाली बोलावलं आणि दुसऱ्या पानावर त्याला वाढलं. नंदू बिचारा गप्पा मारत जेवला. त्याला काय ठाऊक.

सोमवारी बाई पुन्हा रानात गेल्या. टोळीच्या यादीत जोगीबाबाचं नाव नव्हतं. शेकोटीशी चिन्नी एकटीच बसली होती, वेण्या खांद्यावर टाकून.

"अक्का," मल्लाप्पा म्हणाले. शनिवारपासून त्यांनी मुक्या म्हणणं सोडलं होतं. "तिनं टोळी सोडली. मला एवढंच बोलली की अंकल, आता इथं यायला नको वाटतं." मग म्हणाले, "मी चिन्नी होतो, ते सगळ्यांना ठावं होतं. तुमचं तसं नव्हतं बघा." त्यात टोचणी नव्हती. लागायचं ते लागलंच.

बाईंनी रंगनाथाला शेकोटीपासून लांब, एका झाडाखाली नेऊन उभा केला आणि कॉम्प्युटर बंद केला.

बुधवार उजाडला तो इतर दिवसांसारखाच. विमान किती वाजता, कुठल्या कंपनीचं, काही ठाऊक नव्हतं. एक गोष्ट मात्र बेंगळुरात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असते: एचएसआरहून विमानतळाला जायचं तर रिंग रोडनं यावं लागतं, आणि रिंग रोड मारतहळ्ळीवरून जातो. म्हणजे आज केव्हातरी लेक घराच्या एवढ्या जवळून जाणार, की गच्चीवरून दिसावी. बाई गच्चीवर गेल्या नाहीत. दिसली असती ती हजार गाड्यांची टपं. त्या देवघरापुढं जपाला बसल्या आणि माळेचा मणी एकाच जागी राहिला.

दुपार कलताना फोन वाजला.

"आई."

"बोल."

"टॅक्सीत आहे. मारतहळ्ळीच्या पुलावर. पुढं काहीतरी झालंय, सगळं तुंबलंय."

बाई उठल्या, दाराकडे गेल्या, चपलेत पाय सरकवला. "मी येते पुलापाशी. पाच मिनिटांत येते."

"नको." लगेच आलं ते, आधीपासून ठरवून ठेवल्यासारखं. "मी उतरणार नाही, आई. उतरले तर माझं मला कळणार नाही, मी तुझ्यावर चिडलेय की काय करतेय. फोनवरच थांब."

बाई फाटकाशी येऊन थांबल्या. पुलाकडून भोंग्यांचा कल्लोळ येत होता. तोच कल्लोळ फोनमधूनही येत होता, तेच भोंगे, जरा पुढंमागं.

"मला वाटलं होतं, मी तुझ्यावर ओरडेन," पवित्रा म्हणाली. "चार दिवस मनात तेच म्हणत होते. पण राग येतो आणि मध्येच रंगाची आठवण येते. ऑफिसात काही झालं की मी म्हणायचे, रविवारी त्याला सांगू. आत्तापण तसंच झालं. आईनं असं केलं, हे रंगाला सांगू, असं मनात आलं." तिचा आवाज फुटला. "तो माझा मित्र होता, आई. तो गेला. आणि कुणाजवळ रडू, तर तुझ्याजवळ."

अगं, तो मीच होते, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं नव्हतं. सुनंदाबाई कधी इतक्या गप्प बसल्या नव्हत्या. पवित्रानं काही सांगायला तोंड उघडलं की त्यांच्याजवळ उत्तर तयार असायचं, आणि उत्तर नसलं तर लोक काय म्हणतील ते तरी तयार असायचं. शेकोटीशी जो बसायचा त्याला अक्षर सापडेपर्यंत ऐकावंच लागायचं. तो लेकीला आवडला होता. तो त्यांनाही आवडला होता.

त्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीही म्हटलं नाही.

"आहेस ना?" पवित्रानं विचारलं.

"आहे."

मग पवित्रा बोलायला लागली. एका बॅगचं वजन जास्त भरलंय आणि काय काढायचं ते कळत नाही. तिकडं जी खोली घेतलीय तिला खिडकी रस्त्याकडं आहे. टॅक्सीवाला मंड्याचा आहे, त्यानं डॅशबोर्डवर देव मांडलेत. लोकांना काय सांगशील मी कुठं गेले म्हणून, तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, जे आहे ते सांगेन, एकटी गेली म्हणून, आणि पुन्हा गप्प झाल्या. माफ केलं, असं पवित्रा म्हणाली नाही. येईन, असंही म्हणाली नाही. मध्येच नाक ओढायची, मग पुन्हा काहीतरी बारीकसारीक सांगायची. बाईंनी मनातल्या मनात विठ्ठलाला विनवलं, की ही गर्दी एवढ्यात सोडवू नकोस. त्या शहराच्या जन्मात पहिल्यांदाच कुणी असं मागणं मागितलं असेल.

"सुटलं वाटतं," पवित्रा म्हणाली. टॅक्सीवाल्यानं कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं, इंजिनाचा आवाज चढला. "चालले, आई. ठेवते."

"सावकाश जा," बाई म्हणाल्या.

फोन बंद झाला. पुलाकडचे भोंगे आणखी थोडा वेळ ऐकू येत राहिले, मग विरळ झाले, आणि नुसता गाड्या पळाल्याचा आवाज उरला. बाई फाटकातच उभ्या होत्या. त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी दाराशी राहिली होती.